एक बटण आणि तीन फायली

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. चार माणसं एका खोलीत रोज आठ तास बसली की ते आपोआप साठतात. आमच्या दादरच्या ऑफिसात तर आम्ही तिघंच होतो. तरी परवा परेरा मॅडम भेटल्या तेव्हा दोन तास पुरले नाहीत. त्यातले निम्मे किस्से माझ्या मूर्खपणाचे. उरलेले निम्मेही माझेच!

मालक पेठेसाहेब, टायपिंगला गिरगावच्या परेरा मॅडम आणि प्रोग्रामर म्हणून मी. टेंपररी. तेव्हा काळाचौकीच्या एका समितीचं काम आलं होतं. संपानंतर घरी बसलेल्या गिरणी कामगारांची नोंद करायची, घरांच्या अर्जांसाठी. साहेब म्हणाले, "समिती खूश झाली तर तू कायम. नाही झाली तर... बघू."

त्यांच्या "बघू"चा अर्थ मला चांगलाच ठाऊक होता.

* * *

प्रत्येक कामगाराच्या तीन फायली असायच्या. एकीत नाव-पत्ता, दुसरीत नोकरी, तिसरीत वारस. एकीतून दुसरीत जायचं तर दर वेळी एडिटरमध्ये फायलीचं अख्खं नाव टाईप करावं लागे. मी पडलो आळशी. म्हटलं, एक मॅक्रो लिहू, एका बटणात सगळं टायपिंग उरकणारा छोटा प्रोग्राम. एफ-नाइन दाबलं की त्याच माणसाची पुढची फाईल उघडेल, तिसरीनंतर पुन्हा पहिली.

मॅक्रो लिहायला आठ दिवस लागले. नवव्या दिवशी मी पेढे वाटले आणि छाती फुगवून सांगितलं, "मॅडम, आता दर फायलीमागे दोन सेकंद वाचणार!"

मॅडमनी पेढा तोंडात टाकला. "अरे बाबा, या आठ दिवसांत मी त्या सगळ्या फायली हाताने उघडून, बंद करून, वर गिरगावात एक लग्न जेवून आले!"

* * *

मग साहेबांना दाखवलं. त्यांनी एका बोटाने एफ-नाइन दाबलं. नाव. नोकरी. वारस. परत नाव.

"अहो, हे तर निघालो तिथेच आलो!"

"हो सर! तीच तर गंमत आहे!"

साहेबांनी आणखी चार फेऱ्या मारल्या आणि उठले. "म्हणजे दहा मिनिटं झाली, आणि मी अजून पहिल्याच माणसाकडे आहे."

* * *

या मॅक्रोत एक खोड होती. फाईल सापडली नाही तर तो गप्प बसायचा नाही. त्या नावाची कोरी फाईल स्वतःच तयार करायचा आणि पुढे पळायचा. मला पत्ताच नाही! महिनाअखेरीस साहेबांनी फायली मोजल्या आणि माझी पाठ थोपटली. "वा! कामाचा झपाटा आहे हं तुझा!" मीही लाजून मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी त्यातल्या कोऱ्या फायली काढून दाखवल्या. साहेबांनी थोपटलेली पाठ परत मागितली नाही, एवढंच.

* * *

समितीचे फॉर्म ऑफिसात आणून द्यायचं काम माझ्या बाबांकडे होतं. बाबा गिरणीत साचेवाले. चार-चार साचे, म्हणजे कापड विणायचे माग, एकट्याने सांभाळायचे, दिवसभर एकावरून दुसऱ्यावर फिरत. मी त्यांना एफ-नाइन दाखवलं. बाबांची मालवणी लालबागमध्ये चाळीस वर्षं राहूनही सुटली नव्हती; मी त्यांचा मुलगा नव्हे, 'झील' होतो.

"ह्या आमच्या साच्यांवरचाच फिरणा रे! पण तू खुर्चीत बसान फिरतंस."

मग कोऱ्या फायलींचं रडगाणं गायलो. बाबा गंभीर झाले.

"धागो तुटलो की साचो थांबता. तुझा ह्या थांबणा नाय? मगे कापडाक भोका पडतली मरे!"

मी मोठा कॉम्प्युटरवाला. हसलो. ते जिना उतरून गेल्यावर गुपचूप सगळ्या कोऱ्या फायली पुसल्या आणि मॅक्रो बदलला. आता फाईल नसली की मशीन टूंऽ करून जागच्या जागी थांबणार. आठ दिवसांत जे सुचलं नाही ते बाबांनी चहा संपायच्या आत सांगितलं होतं, याची मला लाज वाटली आणि अभिमानही वाटला. अर्थात मॅडमना मी "मलाच सुचलं" असं सांगितलं.

* * *

डेमोच्या दिवशी समितीचे पाच म्हातारे आले. त्यात बाबाही, इस्त्रीचा शर्ट घालून. साहेब माझ्या खुर्चीमागे उभे.

एफ-नाइन. नाव, नोकरी, वारस. पुढच्या माणसाची पहिली फाईल उघडली, परत एफ-नाइन. नाव, नोकरी, वारस. म्हातारे माना डोलवायला लागले. अध्यक्ष गावकरकाका म्हणाले, "झ्याक! चलव, चलव!" मी जोरात आलो. नाव, नोकरी...

टूंऽ!

मशीन थांबलं. सगळे वाकून बघायला लागले. नाव बाबांचं होतं. वारसाची फाईलच नव्हती. घरच्या माणसाचा फॉर्म काय तपासायचा, म्हणून मी तो कधी वाचलाच नव्हता!

साहेबांचा श्वास माझ्या मानेवर लागत होता. गावकरकाकांनी बाबांकडे वळून विचारलं, "काय रे धोंडू, तुझो वारस खंय?"

बाबांनी सावकाश चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला. एकदा माझ्याकडे बघितलं, मग नीट पेठेसाहेबांकडे.

"झील आसा. पण अजून टेंपररी आसा. कायम झालो की लिवतलंय!"