चौथा नियम आणि सातवा

नववीतल्या नातीच्या स्पॅनिशच्या वहीत पहिल्याच पानावर वर्गाचे नियम चिकटवले आहेत आणि खाली पालकांच्या सहीची जागा कोरी आहे. वाचल्याशिवाय मी कधी कुठल्या कागदावर सही केलेली नाही. म्हणून हेही वाचले. चौथा नियम: वर्गात स्पॅनिशखेरीज एक शब्दही बोलू नये. सातवा: न समजल्यास तत्काळ विचारावे. भाषा सुरू होऊन जेमतेम आठवडा झालेला!

"मग तुला समजलं नाही, तर विचारतेस कशी?"

"विचारत नाही, आजोबा. मान डोलावते. सगळेच डोलावतात. बाई खूश होतात."

माझा संताप झाला. जो नियम पाळणे अशक्य, तो शिस्त लावीत नाही. निमूटपणे खोटे वागण्याची सवय लावतो. आपण मोठ्यांनीही अशा किती कागदांपुढे माना डोलावल्या असतील!

"सही करा ना! नाहीतर उद्या मला वर्गाबाहेर उभं करतील."

केली. शिक्षा मला नव्हे, तिला होणार होती. मुख्याध्यापिकांना पत्र मात्र आजच जाईल. मागणी एकच आहे: 'मला समजले नाही' एवढे वाक्य मुलांना आधी स्पॅनिशमध्ये शिकवा, आणि मगच त्यांची मराठी बंद करा.