व्याही, बशीरभाई आणि पियानोवाली बाई

पियानोवर आमच्या व्याह्यांइतका जीव टाकणारा आणि पियानो वाजवणाऱ्यांना त्यांच्याइतकं घालूनपाडून बोलणारा माणूस निगडीपासून चाकणपर्यंत शोधून सापडायचा नाही. गंमत अशी, की या गृहस्थांनी आयुष्यात पियानोला बोटसुद्धा लावलेलं नाही. एकदा एका मॉलमध्ये शोभेला ठेवलेला पियानो दिसला, तेव्हा मी म्हटलं, लावा की हात. तर दोन्ही हात पाठीमागे बांधून त्यांनी त्याला एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, "नको. आपलं काम तपासायचं. वाजवणारे वेगळे."

तपासायचं हा शब्द त्यांच्या तोंडी उगीच आला नव्हता. चाकणच्या एका कंपनीत त्यांची सगळी नोकरी गिअरबॉक्स ऐकण्यात गेली. तयार झालेला गिअरबॉक्स एका बंद खोलीत फिरवायचा, यांनी डोळे मिटून ऐकायचं आणि 'ओके' किंवा, परत दुरुस्तीला धाडायचा असेल तर, 'रीवर्क' असं एका शब्दात सांगून मोकळं व्हायचं. अशा नोकरीतून निवृत्त झालेला माणूस घरी बसून काय करणार? तो सगळं जग तपासतो. मिक्सर, रिक्षा, लग्नातला बँड, शेजाऱ्यांचं घोरणं, सगळ्यांना शेरा मिळतो. माझ्या मुलीला बघायला ही मंडळी आमच्याकडे आली, तेव्हा हे गृहस्थ पोह्यांची बशी घेऊन थेट आमच्या फ्रिजजवळ जाऊन उभे राहिले. मुलीला काय येतं, काय येत नाही, एक प्रश्न नाही. निघताना मला बाजूला घेऊन गंभीरपणे म्हणाले की मुलगी उत्तम आहे, पण तुमचा कॉम्प्रेसर महिनाभर काढला तर नशीब समजा. लग्न झालं, नातू शाळेत जायला लागला, फ्रिज अजून चालू आहे. पण हे त्यांना सांगायची सोय नाही. शेवटी मुलगी त्यांच्या घरात आहे.

पियानो त्यांच्या आयुष्यात आला तोही कंपनीमुळेच. ट्रेनिंगसाठी त्यांना जर्मनीला धाडलं होतं. तिथली घरमालकीण एका संध्याकाळी त्यांना मैफलीला घेऊन गेली. कुणा रशियन संगीतकाराचा कॉन्चेर्टो होता. कॉन्चेर्टो म्हणजे एका बाजूला स्टेज भरून वादक, दुसऱ्या बाजूला एकटा पियानोवाला आणि दोघांची चांगली जुंपलेली. त्यातून हा वाजवायला महाकठीण, भले भले त्याच्या वाटेला जात नाहीत म्हणे. व्याही सांगतात की सुरू झाल्या झाल्याच त्यांच्या ध्यानात आलं, हा बॉक्स फुल लोडवर चाललाय आणि कुठेही खडखड नाही. झालं. तेव्हापासून हा माणूस त्या एका कॉन्चेर्टोचा झाला. दुसरं काही ऐकणं नाही. रचना तीच, वाजवणारे निरनिराळे; अमका कुठे घसरतो, तमका कुठे उगीच घाई करतो, यातच त्यांचा जन्म चालला आहे. गाडीतही तेच. पूर्वी मोशीहून चाकणला निघालं की कुरुळी फाट्यापर्यंत पहिला भाग संपायचा. आता ट्रॅफिकच्या कृपेने तिन्ही भाग होऊन पुन्हा पहिला सुरू होतो. कंटेनरच्या मागे अडकून पडल्यावर चेहऱ्यावर समाधान पसरलेला माणूस मी नाशिक हायवेवर हा एकच पाहिला.

असला माणूस आपल्या भागात एकच असेल असं मला वाटायचं, पण देवाने जोडी पाठवली. पिंपरी कॅम्पातल्या एका बोळात बशीरभाईंचं स्पीकर आणि ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. कुणा परदेशी साहेबाने बंगला सोडताना टाकून दिलेल्या रेकॉर्डींचं खोकं कुदळवाडीच्या भंगारात आलं आणि तिथून बशीरभाईंनी ते उचललं. धूळ पुसून एक रेकॉर्ड लावली, तर नेमका तोच कॉन्चेर्टो. त्याच वेळी आमचे व्याही दुकानात घरचा स्पीकर घेऊन शिरत होते. ते दारातच थबकले आणि नमस्कार-चमत्कार न करता म्हणाले, ही बाई वाजवतेय ना? रीवर्क. बशीरभाई सोल्डरिंगची गन खाली ठेवून म्हणाले, का हो साहेब, काय वाईट वाजवते? तो वाद त्या दिवशी दुकान बंद होईपर्यंत चालला आणि पुढे कित्येक वर्षं दर रविवारी सकाळी व्याह्यांच्या मोशीच्या फ्लॅटमध्ये चालू राहिला.

या रविवारच्या बैठकीला मला पंच म्हणून बोलावणं असायचं. मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, म्हणूनच मी निःपक्षपाती, असं व्याह्यांचं म्हणणं. बैठकीचे नियम फार कडक. पंखा बंद, कारण बेअरिंग बोलतं. मोबाइल स्वयंपाकघरात. वाजणं चालू असताना खारी खायची नाही. चहात बुडवून, मऊ करून खाल्ली तर हरकत नाही. ऐन मे महिन्यात आम्ही तिघे घामाने निथळत, मऊ खारी गिळत, रशियन बर्फातलं ते संगीत ऐकत बसायचो. घरातली मंडळी मात्र शहाणी. विहीणबाई, मुलगा, सून आणि नातू रविवारी सकाळी पिशव्या घेऊन भाजीला म्हणून जे बाहेर पडत, ते चांगलं दुपार करून परतत. मी ती निघायच्या आत पोचायचो, मागून येणाऱ्या बशीरभाईंना दार मीच उघडायचो.

व्याह्यांचा पक्ष म्हाताऱ्याचा. म्हणजे कधीच वारलेला एक पियानोवादक, ज्याची भर मैफलीत केलेली रेकॉर्ड त्यांच्याकडे होती. तो डाव्या हाताने असा घण घालायचा की टीपॉयवरच्या कपबशा हलत. बशीरभाईंचा पक्ष बाईचा. ती हळुवार वाजवणारी. सगळा तंटा यायचा तो पहिल्या भागाच्या शेवटी, जिथे बाकीचे सगळे वादक गप्प होतात आणि पियानो एकटाच बोलतो. तिथे बाई पार वरच्या टोकाला जाऊन अगदी बारीक, पाण्याच्या थेंबांसारखे सूर टाकते. बशीरभाईंचे डोळे तिथे भरून येत. आणि व्याही म्हणत, पाहिलंत? गाळले. ही बाई इथे दरवेळी सूर गाळते, कामचुकार आहे. मग दोघेही माझ्याकडे बघत. मला ते सूर स्वच्छ ऐकू यायचे. पण मुलीच्या सासऱ्याला पियानोवरून खोटं पाडायचं, हे आपल्याकडच्या कुठल्या रीतीत बसतं? मी म्हणायचो, हो, थोडे गाळल्यासारखे वाटतात खरे. बशीरभाई माझ्याकडे असे बघायचे की खारी घशात अडकावी.

एका रविवारी हे फार ताणलं गेलं. व्याह्यांनी बाईला शिकाऊ कामगार म्हटलं आणि बशीरभाईंचा तोल गेला. "साहेब, ती वाजवते," ते म्हणाले. "तुम्हालाच ऐकू येत नाही."

ते बोलून गेले रागाच्या भरात. खरोखरच ऐकू येत नाही, असं त्यांच्याही मनात नव्हतं. पण ज्याने उभा जन्म कानावर भाकरी मिळवली, त्याला हे ऐकून घेणं कसं जमावं? व्याही उठले, पंखा लावला. पंखा लावणं म्हणजे बैठक मोडणं. बशीरभाई रेकॉर्ड पिशवीत घालून निघून गेले.

पुढच्या रविवारी मी एका लग्नाला गावी गेलो होतो. परत आल्यावर कळलं, बैठक झालीच नाही. त्यानंतरचे रविवारही कोरडेच गेले. व्याही फोनवर तुटक बोलायचे. माझी मुलगी सांगायची, सासरे कॉन्चेर्टो लावत नाहीत, गाडी काढत नाहीत, परवा मिक्सर केवढ्याने घरघरत होता तरी शेरा मारला नाही. मला काळजी वाटायला लागली. टीका बंद केलेले व्याही म्हणजे काहीतरी भलतंच. शेवटी मी पिंपरीला जाऊन बशीरभाईंना गाठलं आणि म्हटलं, काय राव, एवढ्यावरून मैत्री तोडायची? तर ते माझ्यावरच उखडले. मैत्री त्यांनी तोडली नव्हती. त्या पुढच्याच रविवारी ते नानकटाईचा पुडा घेऊन मोशीला गेले होते, माफी मागायला. दारावरची बेल दाबली. आत म्हातारा वाजत होता, म्हणजे साहेब घरात होते. बेल पुन्हा दाबली, पुन्हा पुन्हा दाबली. बेलमधली चिमणी ओरडून ओरडून थकली, पण दार उघडलं नाही. "आपल्याला दारातून परत पाठवलं," ते म्हणाले. एवढं बोलून ते उगीचच स्क्रू शोधायला लागले.

मी तसाच उठून मोशीला गेलो. व्याही एकटेच होते. मी विषय काढताच म्हणाले, आलेच नाहीत ते. त्या रविवारी मी एकटाच होतो घरात. म्हाताऱ्याची रेकॉर्ड लावून सबंध वेळ दाराकडे बघत बसलो होतो, आता येतील, मग येतील. बाईचं पुन्हा एकदा ऐकू या म्हणणार होतो. आता काय बोलायचं, असं ते म्हणत होते, एवढ्यात दारावरची चिमणी किलबिलली. आपल्याकडे घरोघरी असते तीच ती चिमणीच्या आवाजाची बेल. इस्त्रीवाला होता. तो दाबत राहिला, चिमणी चिवचिवत राहिली आणि आमचे व्याही दाराकडे बघत शांतपणे म्हणत राहिले, की बशीरभाई आलेच नाहीत.

चिमणी आणि बाई, दोघी एकाच जागी, अगदी वरच्या टोकाला गात होत्या आणि या माणसाला दोघीही ऐकू येत नव्हत्या.

इस्त्रीचे कपडे मी घेतले. परत येऊन बसलो. व्याह्यांना मान द्यायचा, मानपानाचं बघायचं, त्यांच्या हो ला हो करायचं, हे सगळं मला येतं. त्यांचे कान गेले हे त्यांना कसं सांगायचं, ते कुणी शिकवलेलं नाही. तेवढ्यात विहीणबाई बाहेरून आल्या आणि आत गेल्या. मी उठलो, व्याह्यांचा हात धरून त्यांना बाहेर जिन्यात नेलं, दार लोटून घेतलं आणि सांगितलं, बेल दाबा.

त्यांनी दाबली. "बंद पडलीय," ते म्हणाले. एवढ्यात विहीणबाईंनी दार उघडलं, आम्हा दोघांना बघून, काय खेळ चाललाय म्हणून कपाळाला हात लावला आणि दार लावून घेतलं. व्याह्यांनी पुन्हा दाबली. विहीणबाई पुन्हा आल्या. समोरच्या फ्लॅटमधल्या आजीही डोकावल्या. मग व्याह्यांनी उघड्या दारातून हात आत घालून भिंतीवरच्या बेलच्या डबीवर तळहात टेकवला, गिअरबॉक्सवर टेकवत असतील तसा, आणि दुसऱ्या हाताने हळूच बटण दाबलं. हाताखाली चिमणी थरथरत असणार.

"व्याहीबुवा," मी म्हटलं, "बाई गाळत नाही."

त्यांच्याशी सोयरीक झाल्यापासून मी त्यांना दिलेला हा पहिला उलटा निकाल. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि आत जाऊन पंखा लावला.

पुढे मुलीने त्यांना डॉक्टरकडे नेलं, कानाचं मशीन आणलं. ते लावल्यावर पहिले काही दिवस त्यांनी घर डोक्यावर घेतलं. कुकर रीवर्क, नळ रीवर्क, नातू तर पूर्णच रीवर्क. पण एकदा मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "हिच्या बांगड्या वाजतात हो." आणि लाजले. घरी आल्यावर आमच्या हिच्या हाताकडे मी जरा जास्त वेळ पाहिलं एवढं खरं.

पिंपरीला जायचं त्यांनीच काढलं. दुकानात शिरल्यावर कुणी कुणाची माफी मागितली नाही. व्याह्यांनी केस बाजूला करून नुसता कान दाखवला. बशीरभाईंनी मशीन पाहिलं, हातातलं काम बाजूला सारलं, शटर अर्धं खाली ओढलं आणि बाईची रेकॉर्ड लावली. ती जागा आली. बाकीचे वादक गप्प झाले. व्याही डोळे मिटून उभे होते, आणि ते बारीक सूर एकेक करून पडायला लागले. गालावरून पाणी आलं ते त्यांनी पुसलंही नाही. भाग संपल्यावर ते फक्त म्हणाले, "ओके."

बशीरभाई एवढे जिंकले होते. पण मोठ्या मनाने त्यांनीच व्याह्यांच्या पिशवीतून म्हाताऱ्याचीही रेकॉर्ड काढून लावली. आणि व्याह्यांचा चेहरा उतरत गेला. मागे श्रोते खोकत होते. वरच्या पट्टीत म्हाताऱ्याची बोटं घसरत होती, भलत्याच सुरांवर पडत होती. एवढी वर्षं ज्याच्यासाठी भांडले, तो असा निघाला. बशीरभाईंनी घाईने सुई उचलली आणि म्हणाले, राहू द्या साहेब, नवं मशीन आहे, ॲडजस्ट व्हायचं असेल. व्याह्यांनी मात्र सावकाश मशीन कानातून काढलं, डबीत ठेवलं, डबी खिशात टाकली.

"लावा," ते म्हणाले. "याला मी जुन्याच कानांनी ऐकणार."

रविवारची बैठक पुन्हा सुरू झाली आहे. आधी बाई, मशीन लावून. मग चहा, मऊ खारी. मग डबी उघडते, मशीन आत जातं आणि म्हातारा सुरू होतो. तो पूर्वीइतकाच निर्दोष वाजवतो आणि कपबशा हलतात. पंच म्हणून मला आता कुणी काही विचारत नाही. दारावरची बेल बदलू या असं मुलगी म्हणत होती, पण व्याह्यांनी चिमणीच ठेवायला सांगितली. म्हातारा वाजत असताना ती ओरडली, तर बशीरभाई पाय न वाजवता उठतात आणि दार उघडतात.