पितळी पट्टीची पूजा

अमेरिकेत, आमच्या अल्फारेटा गावातल्या एका निवृत्त डॉक्टर काकांकडे शंभरेक वर्षांपूर्वीची अमेरिकन मोटार आहे. दसऱ्याला इथल्या मराठी मंडळाची माणसं त्यांच्या ड्राइव्हवेवर जमतात, गाड्यांची पूजा होते, आणि पहिला मान त्या मोटारीचा. ती चालती ठेवतात माझे बाबा. ते कोल्हापूरला गॅरेजमध्ये शिकले, इथेही गॅरेजमध्येच आहेत. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच.

मागच्या दसऱ्याला पूजेआधी वाचण्यासाठी काकांनी मला ती मोटार बनवणाऱ्या कंपनीचा इतिहास लिहायला सांगितला. मला मोटारींच्या एका संग्रहालयात उन्हाळ्यात काम हवं होतं. काका तिथले विश्वस्त, आणि त्यांचं शिफारसपत्र मिळालं तर काम होण्यासारखं होतं. मी मनापासून लिहायला बसले.

काकांनी जुन्या जाहिरातींची फाइल दिली. संस्थापकाने म्हणे वडिलांच्या लोहारशाळेत पहिलं इंजिन स्वतःच्या हातांनी घडवलं. ही कथा जवळजवळ प्रत्येक पानावर. एका चित्रात पांढरे हातमोजे घातलेली बाई गाडी चालवते आहे. रस्ता कच्चा, पण तिच्या टोपीवर धुळीचा कण नाही. दुसरीकडे पानभर मजकूर कंपनीच्या प्रामाणिकपणावर, आणि ब्रेकविषयी एक ओळ नाही. मला ते वाचून किळस आली. पण माझा मार्केटिंगचा एकच कोर्स झाला होता, आपल्याला काय कळतं असं वाटलं, आणि ती लोहारशाळा मी माझ्या लेखातही घातली.

बाबांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, इंजिन या कंपनीचं नाहीच. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला काकांकडे नेऊन बॉनेट उघडलं, इंजिन फडक्याने पुसलं. लोखंडात दुसऱ्याच कंपनीचं नाव ओतलेलं होतं. ॲक्सलवर तिसऱ्याच. मग मी लायब्ररीत त्या काळची मोटारधंद्यातली मासिकं चाळली. कंपनी सगळे भाग विकत घेऊन जोडत होती. तसं तेव्हा बरेच जण करत, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. लाज त्या लोहारशाळेची. कंपनीचं स्वतःचं म्हणावं असं काय, तर रेडिएटरवरची तिच्या नावाची पितळी पट्टी तेवढी.

मी लोहारशाळेचं वाक्य काढून टाकलं. खरं काय तेही लिहिलं नाही. इतकाच माझा धीर.

दसऱ्याला मी वाचत होते, तर काकांनी मध्येच थांबवलं. लोहारशाळा राहिली म्हणाले, आणि हातोडा मारल्याचा अभिनय करून स्वतःच सगळी कथा सांगितली. मागून कोणीतरी म्हणालं, "भारी स्टोरी आहे, यार." टाळ्या झाल्या.

"बरोबर ना गं?" काकांनी विचारलं.

"नाही, काका. इंजिन विकतचं आहे. त्याच्यावर दुसऱ्या कंपनीचं नाव आहे."

काका हसले. "तू कॉलेजात शिकतेस की गॅरेजात?"

सगळे हसले. बाबा तिथेच नारळ घेऊन उभे होते. मी म्हटलं, बॉनेट उघडून बघा. पण बॉनेटवर झेंडूचा हार होता. एक काकू म्हणाल्या, राहू दे, हार तुटेल. दोन-दोन डिग्र्या घेतलेली ती माणसं एका हारासाठी थांबली. मग ओळीने पुढे येऊन त्यांनी त्या पितळी पट्टीला हळदकुंकू वाहिलं, फोटो काढले आणि सगळी श्रीखंड खायला आत गेली.

घरी येताना बाबा गाडी चालवत होते.

"पत्र हातात पडल्यावर बोलायचंस," ते म्हणाले.

"तुम्हीच तर दाखवलंत."

"तुला दाखवलं. त्यांना सांग म्हटलं नव्हतं."

पत्र आलं नाही. मी काकांना दोनदा ईमेल लिहून पुसली, आणि अर्जाची तारीख निघून गेली. बाबा अजूनही ती मोटार बघायला काकांकडे जातात. काका त्यांना चहा देतात, माझ्या अभ्यासाची चौकशी करतात, आणि बाबा घरी येऊन ते मला कौतुकाने सांगतात. तेव्हा मला त्या जाहिरातींपेक्षा बाबांचाच जास्त राग येतो.