पेनिसोनीच्या कमरेची चटई

पेनिसोनीला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो गळ्यापर्यंत समुद्रात बुडालेला होता आणि पाण्याखालीसुद्धा त्याच्या टायची गाठ सरळ होती.

हापाई द्वीपसमूहातल्या आमच्या बेटाला धक्का नाही. ओहोटी असली की बोट खडकांच्या अलीकडे थांबते आणि पुढचं ज्यानं त्यानं आपलं चालत जायचं. मी शाळेवर नव्यानं नेमणूक होऊन येत होतो. त्या दिवशी बोटवाल्याला घरी जायची घाई असावी, कारण त्यानं आम्हाला चालण्याच्या पाण्यात न उतरवता पोहण्याच्या पाण्यात उतरवलं. माणसं, सुटकेसा, दोन डुकरं आणि चर्चच्या बँडचा ढोल अशी वरात किनाऱ्याकडे निघाली. कोणी पोर खांद्यावर घेतलं होतं, कोणी म्हातारी. पेनिसोनीनं काळा कोट, पांढरा शर्ट, टाय आणि कोटाच्याच कापडाची लुंगी खुशाल भिजू दिली होती, आणि दोन्ही हात उंच करून एक चटई डोक्यावर धरली होती. मागे त्याची बायको लोसा गटांगळ्या खात होती. "पाय जरा उंच टाक," असं तो मान न वळवता तिला म्हणाला. एक शार्क जवळ आला, चटई पाहिली आणि अदबीनं बाजूला झाला. हे शार्कचं मी पुढे वर्गात इतक्या वेळा सांगितलं की पाचव्या वर्षी मलाही खरं वाटायला लागलं.

किनाऱ्यावर त्यानं आधी चटई उलगडून पाहिली, मग कमरेला गुंडाळली, वरून काथ्याची दोरी आवळली, आणि मग मागे वळून बायको आली का पाहिलं. लोसाला आम्हीच ओढून काढलं होतं. "चटई भिजली नाही ना?" तिनं विचारलं. बाईला नवऱ्याची पूर्ण ओळख होती.

चटईशिवाय आमच्याकडे पुरुषाचा पोशाख पुरा होत नाही. कोट कितीही भारी असो, कमरेला ताओवाला, म्हणजे ही चटई, नसेल तर माणूस उघडाच. कचेरी, चर्च, लग्न, मयत, सगळीकडे ती लागते. पण पेनिसोनीची चटई म्हणजे चटई नव्हती, दैवत होतं. ती त्याच्या पणजोबाच्या आईनं विणलेली. वापरून वापरून ती इतकी मऊ पडली होती की रुमालासारखी घडी व्हायची; रंग जुन्या मधाचा, आणि एका कडेला पणजोबाच्या हयातीतलं रफू. ती तो गादीखाली सपाट घालून ठेवी, म्हणून लोसाला रात्री कूस बदलायची बंदी होती. संसाराची इतकी वर्षं ती बाई उताणी झोपली.

पेनिसोनी आमचा पोस्टमास्तर. पोस्टात आठवड्यात दहा पत्रं येत, पण तो रोज असा बसे की आत्ता राणी तिकीट घ्यायला येणार आहे. कोट त्यानं तरुणपणी राजधानीत, नुकुआलोफात शिवून घेतला होता. कॉलर रुंद नाही, अरुंद नाही. खालचं बटण मोकळं. लुंगीची कड गुडघ्याखाली चार बोटं. दोरीची गाठ डावीकडे. आजोबांची अशी होती, वडिलांची अशी होती, आणि येशू परत येईल तेव्हा त्याचीही गाठ डावीकडेच असेल याबद्दल पेनिसोनीला शंका नव्हती. त्याची एकच इच्छा होती, आणि ती गावातल्या पोरासोरांनाही पाठ होती. "मी मेलो की मला हिच्यात गुंडाळा," तो म्हणे. "बाकी डबा कसलाही करा. साबणाच्या खोक्याचा करा."

त्याच्या आयुष्यातली पीडा म्हणजे त्याचा भाचा, फेआओ.

फेआओ ऑकलंडला मोटारी विकायचा आणि दर नाताळाला नवी फॅशन अंगावर घालून यायचा. एका वर्षी लुंगी घोट्यापर्यंत, पुढच्या वर्षी गुडघ्याच्या वर आणि तिला चेनचे खिसे. एका वर्षी कोट इतका तंग की प्रार्थनेला गुडघे टेकले तेव्हा पाठीची शिवण 'आमेन'च्या आधी उसवली. कमरेला प्लास्टिकची चटई, कधी रग्बीच्या संघाच्या रंगाची, कधी टिकल्या लावलेली. चर्चमध्ये ऊन खिडकीतून फेआओच्या कमरेवर पडलं की पाद्रीबुवांना डोळे मिटून उपदेश करावा लागे.

आता गंमत अशी की आमच्याकडे बहिणीची पोरं मामापेक्षा मानानं मोठी. मामाला आमच्या भाषेत बाप्या आई म्हणतात, आणि आईजवळचं जे आहे ते पोरानं घ्यायचंच असतं. भाचा मामाच्या घरात शिरून डुक्कर सोडून नेईल, मासे उचलेल, मामाच्या टकलावर टपली मारील, मामानं हसायचं. तोंडावर उलट बोलायची सोय नाही. म्हणून पेनिसोनी फेआओला जे बोलायचं ते मला बोले.

"मास्तर," तो कावाच्या बैठकीत सुरू करी. कावा म्हणजे आमचं मुळांचं कडू पेय. सगळं गाव संध्याकाळी त्याच्या परातीभोवती बसतं. "मास्तर, काही लोक कमरेला प्लास्टिक बांधतात. जी वस्तू कुजत नाही, ती जुनी कशी होणार? आणि जी जुनी होत नाही, ती कसली चांगली?"

मी बिचारा सुती शर्टात बसलेलो असे. चार हातांवर फेआओ ऐकून खुदखुदत असे.

"मास्तर, फॅशन म्हणजे काय, तर दुसऱ्यानं काय घातलंय ते बघून घालणं. मग तुमचं ढुंगण कोणाचं? तुमचं की दुसऱ्याचं?"

"माझं नसेलच बहुधा," मी म्हणे. मोआला म्हणून एक कोळी होता, जिभेनं मासे सोलेल असा, तो म्हणे, "मास्तरांवर का ओरडतोस? ज्याला सांगायचं त्याचा मोबाइल नंबर घे."

असं बारा नाताळ चाललं. पेनिसोनी मला शिव्या देत राहिला आणि फेआओ सुधारायची वाट पाहत राहिला. आणि फेआओ सुधारला. पेनिसोनीचा घात झाला तो तिथे.

त्या वर्षी आमच्या चर्चला शंभर वर्षं होत होती. आमच्या बेटाचे सरदार स्वतः येणार होते, आणि गावाच्या वतीनं त्यांच्यासमोर बसून स्वागताचं भाषण करायचा मान पेनिसोनीला मिळाला होता. तीन महिने तो भाषण पाठ करत होता. ते ऐकून माझ्या शाळेतल्या बकऱ्यासुद्धा सरदारांचा योग्य उल्लेख करू लागल्या असत्या. चटई दर शनिवारी सावलीत वारा खायला ठेवली जाई आणि शेजारी लोसा कोंबड्या हाकायला.

कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी फेआओ उतरला. साधा काळा कोट. लुंगी गुडघ्याखाली चार बोटं. दोरीची गाठ डावीकडे. पेनिसोनी पाहतच राहिला. संध्याकाळी बैठकीत फेआओ त्याच्या शेजारी येऊन बसला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मामा, तू इतकी वर्षं मास्तरांना सांगत होतास ते मला पटलं बघ. जुनं ते जुनं. ऑकलंडात आता सगळे तेच म्हणतायत."

पेनिसोनीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच सुधारलो होतो. कावाची वाटी त्यानं स्वतःच्या हातानं भाच्याला दिली. ती वाटी संपेपर्यंत, म्हणजे तीन घोट, तो जगातला सर्वांत सुखी माणूस होता.

मग फेआओनं तोंड पुसलं. "तर ती चटई मी घेतो," तो म्हणाला. "कार्यक्रमाला बांधीन, मग नेतो."

त्याच्या मनात पाप नव्हतं. त्यानं मागितलीसुद्धा नाही. भाचे मागत नसतात. ज्या सहजतेनं त्यानं आदल्या वर्षी मामाचं डुक्कर नेलं होतं, त्याच सहजतेनं बोलला. परातीत पाणी ओतणारा थांबला.

पेनिसोनी उठून घरी गेला. मी आणि मोआला त्याच्या मागे गेलो. तो पलंगाशी उभा होता, गादी उचललेली, आणि लोसा दारात.

"देऊ नकोस," लोसा म्हणाली. मी तिला नवऱ्याच्या विरुद्ध बोलताना पहिल्यांदाच ऐकत होतो.

"नाही म्हण की सरळ," मोआला म्हणाला. आज त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "हल्ली म्हणतात. राजधानीत तर किती मामा म्हणतात, बाबा रे, माझं ते माझं. कोणी काही बोलत नाही. हल्ली चालतं."

पेनिसोनीनं चटई काढली. गादी नीट खाली ठेवली, चादरीची सुरकुती काढली.

"हल्ली," तो म्हणाला. "मोआला, हल्ली तर प्लास्टिकही चालतं."

"ही माझ्या बापाकडून त्याच्या भाच्यानं मागितली असती तर बापानं दिली असती," तो पुढे म्हणाला. "त्याचा भाचा समुद्रात बुडाला म्हणून राहिली. चटई पणजोबाची आहे. रीत त्याच्याही आधीची."

दोन्ही हातांवर ती धरून तो बैठकीत परत आला, भाच्यासमोर खाली बसला, चटई पुढे ठेवली आणि तू घेतलीस हे माझं भाग्य, असं जे म्हणायचं असतं ते म्हणाला. आवाज भाषणासारखा ठणठणीत होता. फेआओनं ती खांद्यावर टाकली आणि रग्बीच्या गप्पा सुरू केल्या.

लोसानं पाच दिवसांत एक चटई विणली. दिवसभर आणि कंदील लावून विणली, बोटं चिरली तरी विणली. पण नवी चटई ती नवी चटई. पिवळीधमक, पत्र्यासारखी ताठ. पेनिसोनी चालला की ती कुरकुरे आणि बसला की पुढून वर येऊन त्याच्या बरगड्यांना टोचे. त्याला तिच्यामुळे दीर्घ श्वास घेता येईना. भाषणाला श्वास लागतो.

सरदार आले, बसले. पेनिसोनी समोर मांडी घालून भाषण करू लागला. प्रत्येक वाक्याशेवटी चटई कुरकुरायची, आणि मागे बसलेली माझी शाळा प्रत्येक कुरकुरीला खिदळायची. मी डोळे वटारले. पण माझंच पोट हलत होतं. तीन महिन्यांचं भाषण त्यानं अर्ध्यात गुंडाळलं.

सरदारांचं लक्ष तोवर बाजूच्या फेआओकडे गेलं होतं. म्हातारे सरदार वाकले, चटईची कड दोन बोटांत धरली आणि रफू पाहिलं. "हे काम आता बघायला मिळत नाही," ते म्हणाले. "कोणाची?"

"मामाची होती," फेआओ अभिमानानं म्हणाला.

"मामा गेले का?"

"नाही सरकार, हेच."

सरदारांनी पेनिसोनीला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. पिवळ्या चटईवर नजर जरा थांबली. "अच्छा," ते म्हणाले. "नवीन घेतलीत वाटतं. तुमच्या पिढीलाही आता फॅशनचा सोस." मग फेआओकडे वळून म्हणाले, "तुझ्यासारखे तरुण आहेत म्हणून रीत टिकून आहे."

पेनिसोनीनं मान लववली. चटई कुरकुरली.

सरदार चटईची कड पाहतायत असा फेआओचा फोटो कोणीतरी काढला होता. तो ऑकलंडात पसरला, आणि पुढच्या नाताळाला बोटीतून उतरलेल्या प्रत्येक पोराच्या कमरेला जुनी चटई होती. ज्यांच्या घरी जुनी नव्हती त्यांच्यासाठी बाजारातल्या बायका नवी चटई चहात भिजवून, दगडानं घासून, कडेला फाडून जुनी करून देऊ लागल्या. रफूचे पैसे वेगळे. साऱ्या चर्चमध्ये नवी कोरी चटई एकट्या पेनिसोनीची. मोआलानं त्याला चहाचा डबा नेऊन दिला. पेनिसोनीनं त्याचा चहा करून प्याला.

"हिला मी चहात घालणार नाही," तो मला म्हणाला. "तीसएक वर्षं बांधली की आपोआप मऊ पडेल." तेव्हा तो पासष्टीच्या पुढे होता.

दोन वर्षांनी ऑकलंडात रुंद चटया मागे पडल्या, वीतभर पट्ट्याची फॅशन आली. फेआओनं माझ्या मोबाइलवर फोटो पाठवला. पणजोबांच्या आईची चटई उभी कापून त्याच्या तीन पट्ट्या केल्या होत्या. एक त्याची, दोन मित्रांना भेट. रफूचा तुकडा उरला होता, त्याचा बो शिवून घेतला होता. पेनिसोनीनं पोस्टाच्या खिडकीत बसून फोटो लांब धरून पाहिला, जवळ आणून पाहिला, आणि मोबाइल मला परत दिला.

"कडा नीट शिवल्यात," तो म्हणाला.

त्या रात्रीपासून त्यानं लोसाला कूस बदलायची परवानगी दिली. ती म्हणते, आता सवय गेली.

पेनिसोनी तीन वर्षांनी वारला, पोस्टातच, कोटाचं खालचं बटण मोकळं असताना. लोसानं आपण विणलेली चटई त्याच्या कमरेवरून सोडली. कमरेशी जिथे दोरी आवळली जाई तिथे ती जराशी मऊ पडायला लागली होती. तिनं ती घडी करून त्याच्या पायाशी ठेवली आणि बोटीची वाट पाहत बसली, कारण मामाच्या मयताला उशाशी बसायचा मान भाच्याचा, आणि तो सांगेल ते शेवटचं.

फेआओ आला. खूप रडला, मनापासून रडला. मामासाठी त्यानं ऑकलंडहून सर्वांत महागाची चटई आणली होती, तेव्हा तिचीच फॅशन होती. पेनिसोनीला तिच्यात गुंडाळून पुरलं. ती प्लास्टिकची होती.