घरच्या मशीनचं बी.पी.

आमच्या नारायण पेठेतल्या डॉक्टरांच्या टेबलामागे पाटी आहे : 'घरच्या मशीनचे बी.पी. येथे सांगू नये.' पाट्यांचं आम्हाला नावीन्य नाही. बेल एकदाच वाजवावी म्हटलं की आम्ही एकदाच वाजवतो. ही पाटी मात्र आमच्या ह्यांना महागात पडली.

दवाखान्याच्या दारातच ह्यांच्या छातीत धडधडायला लागतं. त्यात दोन जिने. धापा टाकत आत गेले की सिस्टर बसू न देता स्वेटरवरूनच पट्टा आवळणार आणि वर विचारणार, "काय काका, हिंजवडीला लागलेला मुलगा काय म्हणतोय?" हे मुलाचं कौतुक सांगत बसतात आणि आकडा जातो एकशे सत्तरवर. घरी पाठ टेकवून, दंड उघडा ठेवून, पाच मिनिटं गप्प बसवून मोजलं की एकशे तीसच्या वर कधी जात नाही. मशीनच्या खोक्यात तसा कागदच असतो. मी तो वाचला. दवाखान्यात कोणी वाचला नसावा.

"डॉक्टर, घरी एवढं नसतं हो."

त्यांनी मान वर न करता पेन पाटीकडे केलं. "काकू, ती खेळणी असतात." आणि गोळी वाढवली.

त्यानंतर ह्यांना उठताना गरगरायला लागलं. मी परत जाऊन सांगितलं. "वय झालं आता," डॉक्टर म्हणाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वय काय गोळी वाढवल्याच्या दिवशी झालं? पण मी पडले पेशंटची बायको. चार दिवसांनी हे मोरीत पडले आणि डावं मनगट मोडलं. हाडांच्या डॉक्टरांनी उभं करून बी.पी. बघितलं, ते नव्वदवर आलेलं. "एवढा डोस कोणी दिला?" त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी ह्यांना घेऊन, पिशवीत मशीन टाकून मी दवाखाना गाठला.

"सिस्टर, आधी बाही वर करा. आणि पाच मिनिटं ह्यांना काही विचारू नका."

सिस्टरने तोंड वाकडं केलं. प्लॅस्टर बघून डॉक्टरांनी मात्र स्वतःच पट्टा हातात घेतला. आधी त्यांच्या मशीनवर मोजलं, मग आमच्या. फरक फक्त दोनचा.

"अरे वा, चांगलं आहे की मशीन!" डॉक्टर म्हणाले. चुकलं वगैरे काही नाही. गोळी निम्मी केली आणि चिठ्ठीवर लिहिलं, 'रोज घरी बी.पी. मोजणे.' जणू डॉक्टरांनाच सुचलं! मागे पाटी होती तिथेच होती.

आता रोज सकाळी मी आमच्या ह्यांच्या उजव्या दंडाला पट्टा बांधते. डावा हात गळ्यात अडकवलेला असतो. हे म्हणतात, "जाऊ दे गं, डॉक्टर मनाने चांगले आहेत."

मी उत्तर देत नाही. मोजताना बोलायचं नसतं.