बटणावरचा मळ

माझा साडू मॉनिटर दुरुस्त करायचा. आताचे पाटीसारखे चपटे नव्हेत हं. ते जुने, काचेच्या नळीचे, पाठीला कुबड असलेले, उचलताना माणसाच्या कमरेतून आवाज काढणारे. त्यांचं मागचं झाकण उघडल्यावर आत काय निघतं हे ज्यानं पाहिलं नाही तो सुखी. धुळीचा जाड थर, त्यात केसांचे गुंते, झुरळांच्या लेंड्या, एकदा तर वाळून कडकडीत झालेली पालींची जोडी. उबदार जागा बघून संसार थाटला असणार बिचाऱ्यांनी. मी पाहिलं आणि हातातला चहा तसाच खाली ठेवला. आजही आठवलं की घशाशी येतं, आणि सांगायला बसलो की राहवतही नाही.

आणि हे काम यावं कुणाच्या वाट्याला? ज्याला सख्ख्या भावाच्या पेल्यातलं पाणी चालत नाही अशा माणसाच्या! गल्लीत सगळे त्याला नाकमुरडे म्हणायचे. पोस्टमन तर ते आडनावच समजायचा. परक्या घराचं दार तो कोपरानं उघडायचा. त्याच्या लग्नाच्या फोटोत त्याचा उजवा हात दिसत नाही, कारण तो खिशातल्या रुमालाला पुसत होता. दुकानात मॉनिटर आला की आधी काय बिघडलंय हे विचारायचं नाही. आधी स्पिरिटचा बोळा, मग जुना दातांचा ब्रश, मग पुन्हा बोळा. काच, कडा, बटणं, सगळं लखलखीत झालं की मग गिऱ्हाइकाकडे बघून, "हं, बोला." गिऱ्हाइकाला वाटायचं, आता आपल्यालाही पुसतोय की काय.

त्याची एकुलती एक मुलगी नकाशे काढायच्या कचेरीत कामाला होती. दिवसाचे आठ तास मॉनिटरसमोर बसून केसाएवढ्या बारीक रेघा ओढायच्या. काम तिच्या आवडीचं, पण वर्षात दोनदा चष्मा बदलला. घरी आली की ओला रुमाल डोळ्यांवर टाकून पडायची.

"बाबा, भिंतीकडे पाहिलं तरी भिंत लुकलुकते," ती म्हणायची.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, आणखी वर्षभर असल्याच पडद्यासमोर बसलीस तर हे काम सोडावं लागेल. माझी मेहुणी, म्हणजे तिची आई, देवघरापेक्षा जास्त वेळ त्या चष्म्याच्या डबीकडे बघत बसायला लागली.

तेवढ्यात कचेरीनं सगळे मॉनिटर बदलायचं काढलं. वीस नवे यायचे होते. तिथल्या साहेबीण, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्यांनी मुलीला बोलावलं. "तुझे वडील यातलेच ना? या मासिकात तज्ज्ञांचे अभिप्राय आलेत, वापरणाऱ्यांचेही आलेत. दोन्ही ताडून पानभर लिहून द्यायला सांग. सोमवारी हवं. ते म्हणतील तो घेऊ."

मी त्या आठवड्यात त्यांच्याकडेच मुक्कामाला होतो. गुरुवारी संध्याकाळी बघतो तर साडू मासिकाची पानं चिमट्यानं उलटतोय.

"त्यांच्या कचेरीच्या वाचनालयाचं आहे," तो म्हणाला. "प्रत्येक कोपऱ्यावर कुणीतरी थुंकी लावलीय. शी!"

त्यात दोन मॉनिटरांची तुलना होती. पाठीला कुबड दोन्हींच्या, पण समोरून एक सपाट काचेचा, एक जुन्या धाटणीचा फुगीर काचेचा. दोन्ही तीन वर्षं बाजारात होते. सपाट काचेच्याला तज्ज्ञांनी पाचपैकी पाच तारे दिले होते आणि लिहिलं होतं, 'पडदा नव्हे, उघडी खिडकी!' फुगीर काचेच्याला अडीच. 'जड, रंग मवाळ, बघून जांभई येते.' शेजारच्या रकान्यात वापरणारे. सपाटला पुन्हा पाच. कुणी लिहिलं होतं 'झकास', कुणी 'शेजारी बघायला आले होते'. फुगीरला तीन. 'ठीक', 'चालतो', 'काही विशेष नाही'.

"मग झालं की," मी म्हटलं. "तज्ज्ञ आणि वापरणारे, दोघांचं एकमत. सपाट घ्या आणि मोकळे व्हा."

"साडूभाऊ, कुणी किती वेळ बघून लिहिलंय, हे कुठे दिसतंय का तुम्हाला?"

"तू दोन्ही उघडून बघितलेत ना? मग तूच सांग."

"आतून दोन्ही चांगले आहेत. पण मी मागून बघतो. समोर बसणाऱ्याच्या डोळ्यांचं काय होतं ते मागून कळत नाही."

शुक्रवारी आम्ही दोघं त्या मासिकाच्या कचेरीत गेलो. तज्ज्ञ महाशय भेटले. तपासणीची खोली म्हणजे काळे पडदे लावलेलं भुयार. आत कोंदट घामट वास. टेबलावर चहाचे कप, त्यांच्या बुडाशी हिरवी बुरशी. महाशयांनी बोट जिभेवर फिरवलं आणि त्याच बोटानं काचेवरचा डाग पुसला. साडूनं माझा दंड असा धरला की तीन दिवस वळ होता.

"एकेक मॉनिटर किती वेळ बघता आपण?" त्यानं विचारलं.

"दहा मिनिटं. फार तर पंधरा."

"आठ तास बघितलाय कधी?"

महाशय खदखदून हसले. "आठ तास? अहो, मला माझे डोळे नकोत का?"

साडू तिथून बाहेर पडला. शेजारच्या खोलीत एक बाई पत्रांचा ढीग फोडत बसल्या होत्या. वापरणाऱ्यांचे अभिप्राय ते हेच. प्रत्येक पेटीत एक कार्ड असायचं. ते भरून पाठवलं की धुळीपासून बचावाचं प्लास्टिकचं कव्हर फुकट.

"पेटी उघडली त्याच दिवशी भरतात लोक," बाई म्हणाल्या. "काहीजण तर मॉनिटर चालू करायच्या आधीच. कव्हर संपलं तर, ही भीती."

बाहेर रस्त्यावर आल्यावर साडू नळ शोधत निघाला. हात धुतले, तोंड धुतलं, पुन्हा हात धुतले.

"एकानं पंधरा मिनिटं बघितलं, दुसऱ्यानं बघितलंच नाही. आणि यांच्या भरवशावर माझी पोर डोळे घालवून बसणार. हे त्या पालींपेक्षा घाण आहे, साडूभाऊ."

शनिवारी दुकानात तो कोरा कागद समोर घेऊन बसला. सगळीकडे पुसून लखलखीत केलेले मॉनिटर, आणि कागदावर एक अक्षर नाही. तेवढ्यात एका कचेरीतला शिपाई सपाट काचेचा मॉनिटर घेऊन आला. साडूचा हात सवयीनं बोळ्याकडे गेला. त्यानं काच पुसली, कडा पुसल्या. बटणांच्या ओळीवर ब्रश टेकवला आणि तसाच थांबला.

"काय झालं?" मी विचारलं.

"हे बघा."

बघण्यासारखं नव्हतं ते. उजेड कमी-जास्त करायच्या बटणावर मळाची काळी चिकट खपली. अंगठ्याचा घाम, तेल, आणखी काय काय, ते नको सांगायला. शेजारची बाकीची बटणं जवळजवळ स्वच्छ.

"दिवसभर हेच बटण दाबत होता कुणीतरी," तो म्हणाला. "डोळ्याला सोसेना म्हणून कमी, दिसेना म्हणून जास्त. पुन्हा कमी." मग त्यानं दुकानभर नजर फिरवली. "आठ वर्षं मी काय पुसत बसलो होतो, साडूभाऊ? वापरणाऱ्यांचे खरे अभिप्राय माझ्याकडे रोज चालत येत होते, आणि मी वाचायच्या आधीच स्पिरिट लावत होतो!"

एका मळक्या मॉनिटरवरून काय सिद्ध होणार? म्हणून रविवारी आम्ही गावाबाहेरच्या भंगारवाल्याकडे गेलो. एक मोठी विम्याची कचेरी बंद पडली होती आणि तिचा सगळा माल तिथे येऊन पडला होता. शोधून शोधून सपाट काचेचे अकरा मिळाले, फुगीर काचेचे नऊ. सगळे एकाच कचेरीतले, एकाच वयाचे.

तो वास! कुत्र्यांनी मुतून ठेवलेले पुठ्ठे, सडलेल्या उशा, कुठल्याशा डब्यातून वळवळणारं काहीतरी. साडूनं नाकाला रुमाल बांधला आणि नाक बटणांपासून वीतभर अंतरावर नेलं. एका मॉनिटरच्या खालच्या कडेला कुणीतरी नाकातलं चिकटवून ठेवलं होतं, तेही एका जागी नव्हे, ओळीनं. साडू दोनदा बाजूला जाऊन ओकून आला. मी एकदा. भंगारवाला बिडी ओढत आमच्याकडे बघत होता.

"काय शोधताय, आजोबा? सोनं?"

"मळ," मी म्हटलं.

"मग योग्य जागी आलात."

चालू-बंद करायचं बटण विसांवरही सारखंच मळलेलं होतं. म्हणजे वापर सारखाच. पण सपाटवाल्या अकरांपैकी दहांच्या उजेडाच्या बटणावर तीच काळी खपली, वरची खूणसुद्धा घासून गेलेली. तीन मॉनिटरांच्या माथ्यावर चकाकी अडवायला पुठ्ठ्याची झापडं चिकटवलेली, एकाच्या काचेवर चक्क बाईचा जुना पातळ दुपट्टा ताणून बसवलेला. आणि फुगीरवाल्या नवांवर? उजेडाच्या बटणावर मऊ धूळ, निवांत बसलेली. कुणाला हात लावायची गरजच पडली नव्हती.

साडूनं दोन्ही प्रकारांतल्या एकेका मॉनिटरची बटणांची पट्टी उपटली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि खिशात घातली. स्वतःच्या खिशात! पंचवीस वर्षांत मी पहिल्यांदा पाहिलं.

सोमवारी मोठ्या बाईंच्या टेबलावर त्यानं पुडकं सोडलं.

"शी! हे काय आणलंत?"

"वापरणाऱ्यांचे अभिप्राय."

"अहो, पण मासिकात तर..."

"ते कव्हरसाठी लिहिलेले आहेत, बाई. हे कुणी लिहिलेले नाहीत, नुसते सोसलेले आहेत." आणि त्यानं अकराचा हिशेब सांगितला, नवाचा सांगितला.

बाई नाक दाबून ऐकत होत्या. मग त्यांची नजर हळूच स्वतःच्या मॉनिटरकडे गेली. मीही वाकून पाहिलं, म्हाताऱ्याला कोण अडवणार? उजेडाचं बटण काळंकुट्ट. बाईंनी एक फाईल उचलली आणि त्या बटणापुढे उभी केली.

"फुगीरच मागवते," त्या म्हणाल्या. "आणि ते पुडकं आधी उचला."

सहा महिन्यांनी आम्ही दोघं मुलीला आणायला कचेरीत गेलो. ओला रुमाल बंद झाला होता. भिंती लुकलुकायच्या थांबल्या होत्या. ती टेबल आवरत होती, तेवढ्यात साडू तिच्या मॉनिटरपाशी वाकला. उजेडाच्या बटणावर धुळीचा बारीक थर. त्याचा हात खिशात गेला, रुमाल बाहेर आला, बोटं शिवशिवताना मला दिसली.

"पुसा ना बाबा, किती घाण झालंय," मुलगी म्हणाली.

त्यानं रुमाल घडी घालून परत खिशात ठेवला.

"राहू दे," तो म्हणाला. "हात लावू नकोस त्याला."