कमरेला पाऊण किलो

परवाना मंजूर झाल्याचं कळलं तेव्हा मी सिंगापुरात, सेम्बावांगच्या माझ्या गोदामात, मोडीत काढलेल्या जहाजातून आलेल्या एका व्हॉल्व्हवर बसून डबा खात होतो. पुण्याच्या वकिलाने कागदाचा फोटो पाठवला. स्वसंरक्षणासाठी एक हत्यार, बत्तीस बोअरचं किंवा त्याहून लहान, ठरलेल्या मुदतीत विकत घेऊन पोलिसांकडे नोंदवायचं. मी पोळी खाली ठेवली आणि तो फोटो तीनदा वाचला. आनंद झाला असं म्हणणार नाही. चुलतभावाचं तोंड कसं होईल, एवढंच डोळ्यांपुढे आलं.

या चुलतभावाविषयी आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मी या देशात शिपयार्डमधला फिटर म्हणून आलो. नंतर जहाजांचे जुने व्हॉल्व्ह आणि पंप घेऊन, दुरुस्त करून विकायला लागलो. कुणी हात धरून शिकवलं नाही. त्या कमाईतून गावाबाहेर, हायवेला लागून वीस गुंठ्यांचा प्लॉट घेतला. शेजारचा प्लॉट चुलतभावाचा. मी इथे, तो तिथे, म्हणून त्याने कंपाउंडची भिंत पाडून माझ्या हद्दीत नवी बांधली. विचारायला गेलो तर कॉलर धरून मला माझ्याच फाटकाबाहेर काढलं. बघायला तीन माणसं होती आणि तिघंही मला लहानपणापासून ओळखणारी. शर्टाचं दुसरं बटण तुटून मातीत पडलं. ते उचलायलाही त्याने मला वाकू दिलं नाही.

मी मोजणीचा अर्ज केला, आणि परवान्याचाही. मोजणीची तारीख लागली ती परवाना आल्यानंतर दोन महिन्यांनी. त्या दिवशी त्या फाटकातून आत जाताना कमरेला काहीतरी असलं पाहिजे, शर्टाखाली, कुणाला न दिसणारं. ते कोणतं, एवढंच ठरवायचं होतं.

पुण्याच्या विक्रेत्याने व्हॉट्सअॅपवर तीन फोटो पाठवले. एक सरकारी कारखान्याचं रिव्हॉल्व्हर, एक सरकारीच चपटं पिस्तूल आणि एक जुनं परदेशी, कुणा म्हाताऱ्याच्या वारसांनी विकायला काढलेलं, तळहातात मावेल एवढं. प्रत्येकाखाली ‘एकदम झकास पीस’ असं लिहिलेलं. मी आयुष्यात फोटो बघून साधा नटबोल्ट घेतलेला नाही. वस्तू हातात घ्यायची, वजन बघायचं, दोन दिवस वापरायची, मग नावं ठेवायची आणि मग भाव करायचा. पण सिंगापुरात बसून पिस्तूल वापरून कसं बघणार? इथे खेळण्यातलं खऱ्यासारखं दिसलं तरी पोलीस दारात येतात.

म्हणून मी मासे धरणाऱ्यांच्या दुकानातून शिशाची वजनं आणली. विक्रेत्याकडून तिन्हींची वजनं आणि मापं मागवून घेतली होती. जुनी जीन्स कापून तीन पिशव्या शिवल्या. एक मध्ये फुगीर, रिव्हॉल्व्हरच्या चक्रासारखी. एक लांबट, चपटी. तिसरी इवलीशी. बायकोला शिवायला सांगितलं होतं. ती इथल्या नोव्हेना भागात एका लॅबमध्ये काम करते, माझ्यापेक्षा शिकलेली आहे आणि ते ती विसरत नाही. म्हणाली, “मशीन तिथे आहे. गुन्हा तुमचा, टाके पण तुमचेच.”

फुगीर पिशवी चार दिवस बांधली. इथल्या उकाड्यात माणूस पातळ शर्ट घालतो आणि पातळ शर्टाखाली ती गळवासारखी दिसायची. मुलगी म्हणाली, “पप्पा, यू वॉक लाइक पेंग्विन, ला.” चपटी बरी होती. शर्ट बाहेर सोडला की दिसत नव्हती, फक्त एमआरटीच्या गाडीत बसलं की बरगडीखाली रुतायची. इवली तर लागतही नव्हती. मला तीच आवडली होती, पण साताऱ्याला बायकोचे मामा आहेत, सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांना फोन केला.

“जावईबापू, त्याची गोळी कुठं मिळती का आधी बघा,” मामा म्हणाले. “नाय मिळाली तर दगडासारखं फेकून मारावं लागंल. आन् तुमचा नेम मला म्हाईत हाय, लग्नात अक्षता नवरीऐवजी माझ्या डोळ्यात टाकल्या होत्या.”

“मग चपटं घेऊ?”

“घ्या. पर एक ध्यानात ठेवा. ज्या दिवशी कमरंला लावलं त्या दिवसापास्नं भांडण बंद. हात वर न्यायचा नाय, शर्ट वर होतो. छातीला छाती भिडवायची नाय. शिवी आली तर गिळायची. जमंल का?”

“जमेल.”

मामा हसले. मला तो हसण्याचा आवाज मुळीच आवडला नाही.

तर चपटी पिशवी. पाऊण किलोच्या आसपास, उजव्या कमरेला, पट्ट्यात खोचलेली, दिवसभर. तिसऱ्या आठवड्यात ती बांधूनच मी जुन्या मालाच्या एका चिनी व्यापाऱ्याकडे गेलो. या म्हाताऱ्याशी माझं अनेक वर्षं दर आठवड्याला भांडण आहे. तो भाव सांगतो, मी हसतो. तो मालाला हात लावू नको म्हणतो, मी व्हॉल्व्हचं चाक फिरवून किती गंजलंय ते शेजारच्या दुकानापर्यंत ऐकू जाईल असं सांगतो. मी टेबलावर हात आपटतो, तो कॅल्क्युलेटर आपटतो. मी तीनदा निघून जातो, तो तीनदा बोलावतो. याला आम्ही दोघं धंदा म्हणतो.

त्या दिवशी मी टेबलावर हात आपटायला गेलो आणि शर्ट वर सरकेल म्हणून थांबलो. गंजलेलं चाक दाखवायला वाकायचं होतं, तेही टाळलं. निघून जायचं तर झटक्यात वळावं लागतं, तसं वळताही येईना. उजवा कोपर कमरेशी दाबून मी सरळ उभा राहिलो आणि हळू आवाजात म्हणालो की भाव थोडा जास्त वाटतो.

म्हाताऱ्याने चष्मा काढला. “यू सिक, आह?”

“नाही.”

“मग दुसरीकडून माल घेतलास,” तो त्याच्या इंग्रजीत म्हणाला. “म्हणून एवढा सभ्य झालास. सांग, कोण तो?” आणि खरोखर रागावून त्याने भाव एक पैसाही उतरवला नाही. मी त्याच भावात माल घेतला. तसं माझ्या हातून पूर्वी कधी झालेलं नाही, आणि घरी येईपर्यंत मी त्या म्हाताऱ्याला, मामांना आणि कमरेच्या शिशाला मनातल्या मनात शिव्या देत होतो. मनातल्या मनात दिलेल्या शिवीला काही चव नसते.

घरी बायको स्वयंपाकघरात होती. मी तिला सगळं सांगितलं आणि तरीही चपटं पिस्तूलच घ्यायचं ठरलंय असंही सांगितलं. तिने हात पुसले.

“अहो, तुमच्या भावाने कॉलर कोणत्या हाताने धरली होती?”

“डाव्या.”

तिने डाव्या हाताने माझी कॉलर धरली, आणि चांगली घट्ट. “आता उजवा मोकळा राहिला ना त्याचा?” तिने उजवा हात माझ्या शर्टाखाली घातला, पिशवी पट्ट्यातून ओढली आणि ओट्यावर, कणकेच्या परातीशेजारी ठेवली. मी दोन्ही हातांनी तिचा डावा हातच सोडवत राहिलो होतो.

“तुम्ही ते त्याच्यासाठीच विकत घेताय,” ती म्हणाली. “नेऊन देण्याचं काम तेवढं तुमचं.”

मी तिच्यावर ओरडलो. बऱ्याच दिवसांनी पोटातून ओरडलो, दोन्ही हात वर करून. ओरडताना मला बरं वाटत होतं हे तिला दिसलं, आणि ती पुन्हा कणीक मळायला लागली.

मी पिस्तूल घेतलं नाही. विक्रेत्याला कळवलं नाही, मामांना कळवलं नाही. गावात तर कुणाला कळवायचा प्रश्नच नव्हता. पण परवान्याच्या चौकशीला पोलीस येतो तो शेजारपाजारच्यांचे जबाब घेतो. लपवून बाळगायच्या हत्याराची दवंडी सरकार आधीच पिटून ठेवतं. मी गावी पोचायच्या कितीतरी आधी चुलतभावाची खात्री झाली होती की मी काहीतरी घेतलंय.

मोजणीच्या दिवशी मी शर्ट बाहेर सोडून त्या फाटकातून आत गेलो. चुलतभावाने आधी माझ्या तोंडाकडे नाही, कमरेकडे पाहिलं. मी त्याच्या दिशेने दोन पावलं टाकली की तो दोन पावलं मागे सरायचा. मला सगळं समजलं. आता हात वर करायची सोय नव्हती. वर केला असता तर शर्ट उचलला जाऊन खालची रिकामी कंबर दिसली असती.

तीन तास मी तोंड उघडलं नाही. तो त्याच्या माणसांना ऐकू जाईल असं म्हणाला, “परदेशात भांडी घासून साहेब आलेत.” मी कोपर कमरेशी दाबला. तो म्हणाला, “याच्या बापाला कधी बांध कळला नाही, याला काय कळणार.” बापाचं नाव निघाल्यावर माझ्या तोंडात रक्ताची चव आली, गालाचा आतला भाग चावला गेला होता. शिशाने शिकवलेली एवढी एकच गोष्ट माझ्या उपयोगी पडली. मोजणीवाल्यांनी खुणा केल्या. भिंत माझ्या हद्दीत नऊ फूट आत निघाली. कागद झाला, पंचांच्या सह्या झाल्या, चुलतभावानेही शिव्या देत सही केली.

कागदाची घडी खिशात गेल्यावर तो लांबूनच म्हणाला, “आता दाखव तरी, कसलं घेतलंस.”

मी दोन्ही हातांनी शर्ट छातीपर्यंत वर केला. पट्टा, पोट, बेंबी. गोल फिरून पाठही दाखवली. त्याच्या माणसांपैकी एक फिसकन हसला आणि हसू दाबायला खाली वाकला. मग मी सुरुवात केली. तीन तासांचं आणि त्याआधीच्या सगळ्या वर्षांचं, हात आपटून, पाय आपटून, हायवेवरचे ट्रकवाले वळून बघतील इतक्या मोठ्याने. मोजणीवाला टेप गुंडाळत शेवटपर्यंत थांबला.

भिंत अजून तिथेच आहे. आता कोर्टात आहे. परवान्याची मुदत निघून गेली. मामा फोनवर विचारतात, “काय जावईबापू, साफसफाई करता का हत्याराची?” मी हो म्हणतो. ते बटण मात्र मला सापडलं नाही. त्या दिवशी ओरडून झाल्यावर मी ते बराच वेळ वाकून शोधलं.